कुपीचं दान

आमच्या भोर संस्थानात दानशूर माणसांना तोटा नाही. कुणी देवळाला घंटा दिली, कुणी नदीला पायऱ्या बांधल्या, कुणी वाचनालयाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ देणाऱ्यानं तर तबकडीवर स्वतःचं नाव इतकं ठळक घालून घेतलंय, की किती वाजले ते कळत नाही, कुणी दिलं तेवढं कळतं! पण धर्मकार्याला अख्खी मोटार देणारा माणूस संस्थानात एकच झाला. तो मी! रघुवीर वकील, मुक्काम भोर. १९३७ सालचा दसरा!

आता मोटार म्हणजे तुम्ही म्हणाल, टपावर बोचकी बांधलेला एखादा खटारा असेल. छट्! विलायती! लालभडक! खास शर्यतीसाठी बनवलेली, बसायला फक्त दोघं, आणि नाक एवढं लांब, की इंजिन चौकात पोचलं तरी मी आपला घराच्या दारातच! मुंबईच्या एका हौशी शेटजींनी ती दोन वर्षं उडवली. मग त्यांच्या आईनं सांगितलं, "लग्न तरी कर, नाहीतर मोटार तरी वीक." आज्ञाधारक मुलगा, त्यानं दोन्ही केलं. मोटार मी घेतली.

असल्या मोटारीला इंग्रजीत 'कूपे' म्हणतात. भोरात आल्या दिवशी मी भेटेल त्याला सांगितलं, "कूपे, कूपे!" दुसऱ्या दिवसापासून गाव तिला 'कुपी' म्हणू लागलं. "वकिलांची कुपी आली!" जसा काही मी अत्तर विकतो!

कागदावर ती ताशी ऐंशी मैल धावत होती. भोरात तिला धावायला सरळ रस्ता कुठला? म्हणून आठ मैलांनी चालवायची. पण मी तिला सहा वर्षं जिवापाड जपलं. दर रविवारी स्वतःच्या हातानं पुसत असे. एकदा शेजारच्या म्हशीनं तिच्या चाकावरच्या पत्र्याला चेपा पाडला, तर मी म्हशीच्या मालकावर दावा लावला आणि जिंकलोही! बिचारा कोर्टात शपथेवर सांगत होता, "साहेब, म्हस दाव्याला बांधलेली व्हती!" पण माझ्या उलटतपासणीपुढे म्हैस टिकली नाही.

मग इतकी लाडकी मोटार दान का केली? खरं सांगतो. त्या घड्याळाच्या समारंभाला मी गेलो होतो. दात्याच्या गळ्यात हार पडला, टाळ्या झाल्या, आणि मी मनात हिशेब मांडला. एका घड्याळाला एवढ्या टाळ्या! मग मोटारीला किती?

घरी आलो तो जाहीर करतच. "मालिनी, मी मोटार दान करणार!"

मालिनी, म्हणजे आमची मंडळी, तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "कुणाला?"

"वेल्ह्याच्या धर्मार्थ दवाखान्याला."

"त्यांना विचारलंत?"

"दान काय विचारून देतात?"

"अहो, दोन माणसांची मोटार ती. त्यातला एक चालवणारा. उरला एक. दवाखाना तिचं करणार काय?"

"आजारी माणूस एका वेळी एकच असतो!" मी म्हणालो.

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. मला वाटलं, पटलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण तिच्या तांदूळ निवडण्याचे अर्थ मला कधी लागलेच नाहीत.

वेल्ह्याचा तो दवाखाना म्हणजे तोरण्याच्या पायथ्याच्या सगळ्या वाड्यावस्त्यांना मिळून एकच. डॉक्टर आठवड्यातून एकदा पुण्याहून यायचे. बाकी सहा दिवस सगळा भार शैलजाबाई नर्सवर. उंच, सडपातळ बाई, पांढरं लुगडं, पायांत जाड वहाणा, आणि बोलणं कात्रीसारखं. कुठल्याही डोंगरात बाळंतीण अडली, की औषधांची पेटी उचलून पायी निघायच्या. मी त्यांना चार पानी पत्र लिहिलं. त्यात कर्ण होता, बळी होता, हरिश्चंद्र होता आणि शेवटी मी होतो. उत्तर एका ओळीचं आलं. 'मोटार उपयोगी पडली तर आनंदच आहे. दसऱ्याला या.'

दसऱ्याला आम्ही निघालो. कुपीच्या नाकावर झेंडूची ही एवढी माळ! मी नवी पगडी, जरीकाठी उपरणं, काळा कोट. मालिनी शेजारी. नसरापूरपर्यंत रस्ता बरा होता. पुढं वेल्ह्यापर्यंत रस्ता कमी आणि रस्त्याची आठवण जास्त! पण गावोगावचे लोक बांधावर येऊन बघत होते. मी हॉर्न वाजवायचो, लोक हात जोडायचे, माझी छाती बोटभर फुगायची. वेल्ह्याला पोचेपर्यंत कोटाची दोन बटणं तुटली होती.

दवाखान्यासमोर मांडव! शे-दीडशे माणूस! दवाखान्याच्या कमिटीचे अध्यक्ष आनंदराव पाटील गुलाबी फेटा बांधून पुढं आले. आणि त्यांच्याही पुढं, विहिरीजवळ, एक शेतकरी उभा होता. हातात दोन पांढऱ्याशुभ्र बैलांचे कासरे, खांद्यावर जू, गळ्यात जाडजूड दोराचं वेटोळं. मला वाटलं, मिरवणुकीसाठी असेल.

तो सरळ माझ्याकडं आला. "रामराम वकीलसाहेब. म्या गेनबा. पासलीचा. मोट कुठाय?"

"ही काय समोर!" मी अभिमानानं कुपीच्या नाकावर थाप मारली.

"ही?" गेनबानं मोटारीभोवती एक फेरी मारली. खाली वाकून बघितलं. "हिच्यात पानी कुठनं भरायचं?"

"हे इथून." मी पुढचं झाकण उघडून दाखवलं.

गेनबानं आत बोट घातलं. "एवढंसंच? आन् ह्येच्यावर मळा भिजायचा?"

आनंदरावांनी कपाळाला हात लावला. "आरं गेनबा, मोट न्हाई! मोटार!"

"आँ?"

"मोटार देनार म्हनून सांगावा धाडला व्हता!"

"आमच्याकडं तर मोट आली!" गेनबाचा आवाज चढला. "वकील मोट देत्यात, दवाखान्याच्या हिरीवर पयली मोट हाकायला चांगली बैलं आना, आसं सांगितलं. म्हनून म्या पासलीस्नं पाहाटं निघालो! सनाच्या दिवशी! ह्यो नाडा बघा, मोटंसाठी नवा वळलाय!"

दीडशे माणसं एकदम हसली. मीही हसलो. ते मात्र मी करायला नको होतं.

गेनबानं माझ्याकडं बघितलं, बैलांकडं बघितलं. "हसा! वकील हसला, आता कोर्ट बी हसंल! चल रं सर्जा!" आणि बैल घेऊन तो पासलीच्या वाटेनं तरातरा निघून गेला. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मला काही त्याचं वाईट वाटलं नाही, कारण माझं भाषण सुरू व्हायचं होतं. मी उभा राहिलो. घसा साफ केला. "कर्णानं कवचकुंडलं दिली..."

"वकीलसाहेब," शैलजाबाईंनी मध्येच विचारलं, "यात पेशंट निजवायचा कुठं?"

मी कर्णाला तिथंच सोडलं. "निजवायचा कशाला? बसेल की!"

"मांडी मोडलेला माणूस बसेल? अडलेली बाई बसेल?"

सभेत कुजबुज सुरू झाली. मालिनी तांदूळ निवडताना बघायची, तशी जमिनीकडं बघत होती. पण मी पंधरा वर्षं वकिली केलेला माणूस! "बाई, तुम्ही मोटारीचा मागचा भाग बघितला नाहीत!" आणि मी ऐटीत मागचं झाकण उचललं.

असल्या मोटारींना मागं झाकणाखाली एक लहानशी जादा बैठक असते. तिला डिकी म्हणतात. मुंबईचे शेटजी तिथं कुत्रा बसवत. "पाय असे पुढं आत सारायचे, पाठ मागं टेकायची, की झालं! पेशंट राजासारखा निजेल!"

शैलजाबाई म्हणाल्या, "निजून दाखवा."

दीडशे माणसांसमोर असं म्हटल्यावर कोण माघार घेईल? मी पगडी मालिनीच्या हातात दिली आणि डिकीत चढलो. पाय पुढच्या पोकळीत सारले. गेले. गुडघे गेले. मांड्या गेल्या. पोटापाशी जरा अडलं. माझी अंगकाठी तेव्हाही भारदस्तच होती. मी श्वास आत ओढला, अंग सोडलं, आणि फस्सकन खाली बसलो. पाठ टेकली. वर निळं आभाळ, बाजूला तोरणा. "बघा!" मी ओरडलो. "राजासारखा!"

टाळ्या पडल्या! घड्याळापेक्षा जास्त! मी डोळे मिटून त्या ऐकल्या.

मग उठायला गेलो. उठता येईना.

पुन्हा श्वास आत ओढला. पण मघाचा श्वास भाषणाच्या आधीचा होता, त्यात जोर होता. आता पोट डिकीच्या काठाखाली असं बसलं होतं, जसं बाटलीचं बूच आत जातं! आनंदरावांनी एक हात ओढला, दुसऱ्या कुणी दुसरा. "ओढा! ओढा!" हात लांब झाल्यासारखे वाटले, मी जिथल्या तिथं.

"कुनीतरी खालनं ढकला," एकानं सुचवलं.

"खाली चाकं हायत," दुसऱ्यानं सांगितलं.

अशी तास-दीड तास ओढाताण झाली, आणि एकदम गर्दी फाकली. एक पस्तिशीतला गडी धापा टाकत आत घुसला. अंगावर घामाच्या धारा, पायाला काटे लागलेले. "बाई! बाई कुठं हायत?"

शैलजाबाई पुढं झाल्या. "कोण रे तू?"

"म्या चिमाजी. पासलीच्या गेनबाचा ल्योक. भैन आमची, ठकुबाई, बाळातपनाला आलीया. दादा, म्हंजी आमचं बा, गेलं बैलं घिऊन, आन् मागनं कळा सुरू झाल्या. सुईन म्हंती, प्वार आडवं हाय, माज्या हातचं न्हाई. डोंगरातनं पळत आलोय, बाई, चला!"

मांडवातलं हसू एका क्षणात विरलं. शैलजाबाई आत जाऊन पेटी घेऊन बाहेरही आल्या. "पासलीला चालत अडीच तास. तेवढा वेळ नाही. वकीलसाहेब, मोटार काढा!"

"मोटारीतून आधी मला काढा!" मी ओरडलो.

चौघांनी ओढलं. सहांनी ओढलं. माझा कोट निघाला, मी निघालो नाही.

"दुसरं कुणी चालवणारं आहे का?" बाईंनी विचारलं. वेल्ह्यात? बैलाशिवाय दुसरं काही न चालवलेली माणसं ती! सगळे एकमेकांकडं बघू लागले. आणि मग मला माझ्या मागच्या बाजूनं एक ओळखीचा आवाज आला.

"मी चालवते."

मी मान वळवायचा प्रयत्न केला. "मालिनी? तू? तुला काय येतंय?"

"सहा वर्षं शेजारी बसून मी काय डोंगर मोजत होते?" तिनं पदर खोचला, माझी पगडी आनंदरावांच्या हातात दिली आणि चाकामागं जाऊन बसली.

"अगं, शेजारी बसणं वेगळं आणि..."

"आणि तुम्ही कोर्टात गेलात की मी परसात मागंपुढं करत असे."

"कधी?"

"दर मंगळवारी. अहो, तो चेपा म्हशीनं नव्हता पाडला."

"मी दावा जिंकला होता!" मी किंचाळलो.

"म्हैस बांधलेलीच होती," मालिनी म्हणाली आणि मोटार सुरू केली.

शैलजाबाई पेटी मांडीवर घेऊन शेजारी बसल्या. चिमाजी बाहेरच्या पायरीवर उभा राहिला. मी मागं डिकीत, पाय मोटारीत, तोंड आभाळात. आणि आमची कुपी पासलीच्या गाडीवाटेनं निघाली!

त्या वाटेनं मोटार कधी गेली नव्हती. बैलगाड्यांच्या दोन चाकोऱ्या, मध्ये गवत, दोन्हीकडं पिवळी होत चाललेली भातखाचरं. मला पुढचं काही दिसत नव्हतं. पण ऐकू येत होतं! "क्लच दाब! क्लच! गिअर उतरव!" मी आभाळाला सूचना देत होतो. मालिनीला एकही ऐकू गेली नाही, असं ती आजही सांगते. प्रत्येक धोंड्यावर मी वीतभर उडायचो आणि पुन्हा तिथंच बसायचो. पहिल्या मैलात मला तिचा राग आला होता. दुसऱ्या मैलात मी ओरडायचं थांबलो. तिसऱ्या मैलात एक अवघड वळण लागलं. चिमाजी ओरडला, "बाई, डाव्या अंगाला दरी हाय!" मी डोळे गच्च मिटले. मोटार हळूच थांबली, एक पाऊल मागं सरली, वळली, पुढं गेली. मला स्वतःला ते साधलं नसतं. डोळे उघडले तेव्हा मी काय म्हणालो, माहीत आहे? म्हणालो, "वाऽ!" तेसुद्धा तिला ऐकू गेलं नाही.

चार-पाच मैल झाले आणि ओढा लागला. पावसाळा सरून फार दिवस झाले नव्हते. पाणी गुडघाभर. मालिनीनं हिय्या करून मोटार आत घातली. कुपीनं मध्यापर्यंत धाव घेतली, एकदा खोकली, दोनदा शिंकली आणि थंड झाली. पाणी माझ्या पाठीपर्यंत आलं.

"चालत गेलं तर इथून किती?" शैलजाबाईंनी विचारलं.

"चढ हाय. तासभर तरी," चिमाजी म्हणाला.

आणि पलीकडच्या काठावरून आवाज आला, "का वकील! भरली का तुमची मोट?"

गेनबा! बैलांना पाणी पाजून झाडाखाली भाकर खात बसला होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो पायवाटेनं पळालेल्या पोराला कुठून भेटणार? माझी अवस्था बघून मात्र त्याला मनापासून आनंद झाला होता. "आता ओरडा! म्या न्हाई येत! सनाच्या दिवशी गरिबाला हसत्यात!"

"दादा!" चिमाजी पाण्यात उतरून धावला. "ठकी आडलीया!"

गेनबाच्या हातातली भाकर खाली पडली. बैलांच्या मानेवर जू चढलं, मोटेचा नाडा मोटारीच्या पुढच्या दांडीला बांधला गेला, आणि गेनबानं अशी आरोळी दिली, की तोरण्यावरून तिचा पडसाद आला. "सर्जाऽऽ! व्हय पुढं!"

कुपी हलली! पाण्यातून वर आली, काठ चढली. "बसा बाई, उतरू नका! बैलं घराच्या वडीनं पळत्यात!" आणि खरोखर पळाली! ऐंशी मैलांची माझी विलायती मोटार, पुढं दोन बैल, मालिनी चाक धरून, शैलजाबाई पेटी धरून, मी काहीच न धरता! असे आम्ही पासलीत शिरलो. पोरंबाळं, कुत्री, कोंबड्या सगळे मागं धावत होते. भोरात मला अशी मिरवणूक कधी मिळाली नव्हती.

शैलजाबाई उडी मारून घरात गेल्या. मालिनी त्यांच्या मागं गेली. गेनबानं बैल सोडले आणि अंगणात उकिडवा बसला. मी डिकीत. दार लागलं. आतून ठकुबाईचं ओरडणं येत होतं.

गेनबा जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. मग म्हणाला, "लई सोसलंय तिनं. पयली दोन गेली."

"शैलजाबाई आहेत," मी म्हणालो. "मालिनीही आहे." आणि जरा थांबून, "गेनबा, मघा मी हसलो. हसायला नको होतं."

"आता काय त्येचं," तो म्हणाला. मग माझ्याकडं नीट बघत म्हणाला, "तुमी हितं आराम करताय का आडकलाय?"

"अडकलोय."

"मला वाटलं, वकील लोक आसंच बसत्यात."

तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक, चिरका, रागावलेला! गेनबा उठून दाराकडं धावला. दार उघडलं. मालिनी बाहेर आली. केस विस्कटलेले, लुगड्यावर डाग, डोळ्यांत पाणी, आणि चेहरा असा काही उजळलेला, की मी अठरा वर्षांत तो पाहिला नव्हता. "मुलगी! दोघी सुखरूप आहेत!"

गेनबा रडला. चिमाजी रडला. मीही रडलो, पण मला डोळे पुसता येत नव्हते, कारण उपरणं माझ्या खाली अडकलं होतं.

मला बाहेर काढलं गेनबाच्या बायकोनं, धोंडाबाईनं. तिनं मला लांबूनच एकदा बघितलं, घरात जाऊन खुरासणीच्या तेलाचं गाडगं आणलं आणि माझ्या पोटाभोवती ओतलं. "आता वडा!" चिमाजीनं खांदे धरले, गेनबानं बगला. डबक्यातून म्हैस निघावी तसा आवाज झाला आणि मी अंगणात! अख्ख्या पासलीनं टाळ्या वाजवल्या. दिवसातल्या दुसऱ्या टाळ्या. मी मोजल्या होत्या.

हात धुऊन शैलजाबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता आभार मानणार. मी तेलकट हातांनी कपडे सारखे केले.

"वकीलसाहेब, ही मोटार आता दवाखान्याची ना?"

"अर्थात! दिलेलं दान मी परत घेत नाही!"

"मग मी ती पुण्यात विकणार आहे."

"काय?"

"त्या पैशांत छपराची एक धमणी, हलकी बैलगाडी, घेईन. खाली गादी, माणूस आडवा निजेल अशी. आणि एक बैलजोडी. या डोंगरात मोटार ओढ्यापर्यंत येते, पुढं बैलच लागतात. आजच बघितलं."

मी गेनबाकडं बघितलं. तो बैलांकडं बघत होता. मी कायदा आठवून बघितला. दान दिल्यावर दात्याचा त्या वस्तूवर हक्क राहत नाही, हे मी स्वतःच एका दाव्यात सिद्ध केलं होतं. आणि खरं सांगू? त्या दारातून मघाशी जो आवाज आला होता, तो अजून माझ्या कानात होता. "विका," मी म्हणालो. "पण चांगले बैल घ्या."

दुसऱ्या दिवशी इंजिन वाळलं आणि ओढ्याचं पाणीही उतरलं. कुपी वेल्ह्यापर्यंत मालिनीनंच चालवत नेली. मी शेजारी बसलो आणि एकही सूचना दिली नाही. वाटेत एकदा मात्र तिनं पदर डोळ्यांना लावला. "आता कुठं उघडपणे चालवायला मिळाली होती," ती म्हणाली, "आणि तुम्ही दान करून बसलात." भोरला गेल्यावर पहिलं काम मी एवढंच केलं, की शेजाऱ्याच्या दारात जाऊन म्हशीची माफी मागितली. मालक घरी नव्हता, पण म्हैस होती.

दोन महिन्यांनी शैलजाबाईंचा निरोप आला. धमणी तयार झाली, बघायला या. मी प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीतून, एका बाईच्या कोंबड्यांच्या पाटीवर पाय ठेवून, वेल्ह्याला पोचलो. दवाखान्यासमोर धमणी उभी होती. नवं कोरं छप्पर, आत गादी, चाकांना तेल. हाकायला गेनबाच! त्याचा सर्जा दवाखान्यानंच घेतला होता. त्याच्या जोडीला एक नवा, उंचापुरा, देखणा बैल होता. आतापर्यंत अकरा पेशंट डोंगरातून आणले, शैलजाबाई म्हणाल्या, आणि अकराही बरे होऊन घरी गेले. तुम्हाला सांगतो, माझा ऊर असा भरून आला, की तेवढा तो भर मांडवातही आला नव्हता!

"गेनबा, या नव्याचं नाव काय ठेवलंस?" मी विचारलं.

गेनबा लाजला. "तुमची याद ऱ्हावी म्हनून, साहेब... त्येचं नाव वकील ठिवलंय."

वकील! मी त्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला. काय ती शिंगं! काय तो डौल! संस्थानात कुणाच्या नावानं घाट असेल, कुणाच्या नावानं घड्याळ असेल. पण रोग्यांसाठी डोंगर चढणारा बैल कुणाच्या नावानं आहे? "अस्सं!" मी म्हणालो. "आणि दोघांत चांगला कोण ओढतो?"

गेनबानं शैलजाबाईंकडं बघितलं. शैलजाबाईंनी धमणीच्या चाकाकडं बघितलं. गेनबानं मुंडासं जरा वर करून डोकं खाजवलं.

"वडतो सर्जा, साहेब," तो म्हणाला. "वकील नुसता संगं चालतो."